भिंतीएवढा पिंपळ

म्हसळ्याच्या एस.टी. स्टँडसमोर प्रफुल्लचं फ्लेक्सचं दुकान आहे. तालुक्यात कोणाचा वाढदिवस असो, कबड्डीचे सामने असोत, नाहीतर कोणी आखातातून सुट्टीवर घरी आलेला असो, त्याचा चेहरा आधी प्रफुल्लच्या पडद्यावर येतो आणि मगच नाक्यावर टांगला जातो. लोकांच्या गालांवरचे डाग पुसण्यात आणि टकलावर केस उगवून दाखवण्यात प्रफुल्लचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. त्याचा कंप्युटर जुना, छपाईचं मशीन त्याहून जुनं. पण दोघांनी मिळून आजवर कोणत्याही गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं.

या वैशाखात मात्र दोघं हटून बसले. एका पिंपळाच्या झाडापुढे त्यांनी साफ हात टेकले.

झाड महिपत गुरुजींचं. गुरुजी प्रफुल्लच्या वाडीच्या शाळेत शिकवायचे. प्रफुल्ल पाचवीत असताना गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून बैल काढत होता आणि पकडला गेला. गुरुजींनी कान धरायला हात पुढे केला, बैल बघितला आणि हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची रंगपेटी आणून त्याच्या बाकावर ठेवली. आपलं दुकान त्या पेटीवर उभं आहे, हे प्रफुल्ल कोणालाही सांगतो, ऐकणाऱ्याने विचारलेलं नसलं तरी. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्याला थांबवून सांगतो.

तर वाडीत नवा बुद्धविहार उभा राहिला. सगळ्यांनी अंगमेहनत केली होती, मुंबईकरांनीही हातभार लावला होता, आणि आता भिंतीवर संगमरवरी फरशी बसवून त्यावर नावं कोरायची असं ठरत होतं. लगेच वाद सुरू झाला. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, थोरल्या भावाचं आधी की ज्याने जास्त घमेली उचलली त्याचं. बैठकीत आवाज चढले. तेव्हा गुरुजी उठून म्हणाले, "नावं नकोतच. मैदानाकडच्या भिंतीवर आपण एक पिंपळ लावू. बोधिवृक्ष. वाडीतल्या प्रत्येकाने आपल्या हाताने एक पान काढायचं. खोड आणि फांद्या मी काढतो. पिंपळावरची पानं वर कोण आणि खाली कोण म्हणून भांडत नाहीत."

एकदम सगळ्यांनाच ते पटलं.

झाड प्रफुल्लने फ्लेक्सवर छापायचं ठरलं. त्याच्याकडे पेनने चित्र काढायचा टॅब होता. तो घेऊन गुरुजी आणि प्रफुल्ल घरोघर फिरले. कोणी भात कांडताना हात पुसून पान काढलं, कोणी अंगणात उभ्याउभ्या. रिक्षावाल्या सदाने पानाला किड्याने खाल्लेलं भोकही पाडलं, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे भोक नसलेलं पान खोटं वाटतं. शिवणकाम करणाऱ्या पूनमने कडेला टाके घातले. भीमजयंतीला गावी आलेल्या मुंबईकरांनी आपापली पानं काढली. आणि सखूआजीने काढलं ते उलटं. पिंपळाचं पान देठाला लोंबतं, त्याचं लांब टोक खाली असतं. सखूआजीच्या पानाचं टोक वर.

"आजी, टोक खाली पाहिजे ना," प्रफुल्ल म्हणाला होता.

"पान हातात धरताना देठ खालीच धरत्यात," सखूआजी म्हणाली. "मी माज्या हातातलं काढलंय. झाडावरचं झाड बगून घेईल."

गुरुजी हसले आणि पान तसंच ठेवायला सांगितलं.

यात एक गोष्ट गुरुजींनी फक्त प्रफुल्लला सांगितली होती. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू होता. बाजूचं सगळं दिसेनासं झालं होतं. समोर नळीतून दिसावं तेवढंच उरलं होतं आणि तेही आवळत चाललं होतं. थेंब घालून उरलंय तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही," गुरुजी म्हणाले होते, "पण हे झाड मला एकदा अख्खं बघायचंय, प्रफुल्ल."

"बुद्धपौर्णिमेला बघाल, गुरुजी," प्रफुल्लने शब्द दिला होता. "आणि कोणाचं एक पानही बदललेलं नसेल."

शब्द देताना माणूस कंप्युटरला विचारत नाही. ते पुढे महागात पडतं.

भिंतीच्या मापाचं चित्र छपाईला सोडलं की कंप्युटरचा पंखा घरघरायला लागायचा, पडदा पांढरा पडायचा आणि थोड्या वेळाने एक चौकोन यायचा: मेमरी अपुरी आहे. प्रफुल्लने गाणी बंद केली, बाकीची सगळी कामं बंद केली, शेवटी भिंतीवरचं घड्याळ सोडून दुकानातलं जे जे बंद करता येईल ते केलं. चौकोन काही हटला नाही. मेमरी वाढवावी तर या जुन्या बोर्डात बसते तेवढी आधीच बसवलेली. पनवेलच्या मोठ्या छापखान्यात विचारलं, तर तिकडे लग्नसराई; पौर्णिमेआधी हात लावणार नाही म्हणाले.

प्रफुल्लला आश्चर्य वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे चित्र फोटो नव्हतं, रेषांचं होतं. फोटो म्हणजे ठिपक्यांचा ढीग. मोठा करावा तसे ठिपके वाढत जातात. रेषांच्या चित्रात कंप्युटर फक्त सूचना लक्षात ठेवतो: इथून निघा, तिथे वळा, आत हिरवा भरा. नखाएवढं काढा की भिंतीएवढं, सूचना तेवढ्याच. मग याच्या डोक्यात एवढं मावत नाही म्हणजे काय?

त्याने मैत्रीला फोन लावला. मैत्री त्याच्याबरोबर कंप्युटरच्या कोर्सला होती आणि आता बेलापूरला एका कंपनीत मोबाइलवरचे नकाशे करायची.

"किती पानं आहेत?" तिने विचारलं.

"अख्ख्या वाडीची."

"आणि प्रत्येक पान वेगळं? अरे, मग मशीन मरणारच ना. सिंपल आहे. एकच चांगलं पान ठेव, बाकीची सगळी त्याचीच कॉपी. थोडं फिरव, थोडं लहान-मोठं कर. मशीनला एकच पान लक्षात ठेवावं लागतं. आम्ही नकाशात झाडं अशीच टाकतो. कोणाला कळत पण नाही."

सल्ला सोळा आणे खरा होता. प्रफुल्लने फाइलची एक प्रत केली, त्यातलं पूनमचं पान निवडलं, टाके काढून टाकले आणि सगळ्या फांद्यांवर तेच लावलं. कंप्युटरने हूं की चूं केलं नाही. पंखासुद्धा शांत. पडद्यावर असा देखणा पिंपळ उभा राहिला की प्रफुल्ल खुर्ची मागे सारून त्याच्याकडे बघत बसला. लांबून बघणाऱ्याला खरंच काही कळलं नसतं. गुरुजींना तर नाहीच, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो विचार त्याने झटकला. चित्र मात्र पुसलं नाही.

तेवढ्यात दारातून सखूआजी आत आली. बाजाराची पिशवी, डोक्यावर पदर. तिला परतीच्या गाडीला वेळ होता आणि दुकानात पंखा होता.

"जय भीम, आजी. बसा."

"जय भीम, बाबा." तिने पडद्याकडे पाहिलं. "झालं व्हय झाड? बेस झालंय." मग ती जवळ सरकली. डावीकडून उजवीकडे, वरून खाली बघत राहिली.

"माजं न्हाय ह्यात," ती म्हणाली.

"असेल की, आजी. एवढ्या पानांत लगेच कुठे सापडायचं."

"समदी खाली बगत्यात. माजं वर बगत व्हतं." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती, आणि तेच त्याला जास्त लागलं. "चुकीचं व्हतं म्हनून काडून टाकलंस का? काडलं आसंल तर ऱ्हाऊ दे. मी कंदी चित्र काडलंय? पर सुनंला सांगून बसले, तिकडं भिंतीवर माजं बी एक पान हाय म्हनून."

प्रफुल्लने ती फाइल बंद केली, दुसरी उघडली आणि सखूआजीला तिचं पान दाखवलं. उजवीकडच्या मधल्या फांदीवर, टोक वर करून. "हे बघा. ती नुसती चाचणी होती. खरं झाड हे आहे."

"हां," सखूआजी म्हणाली आणि निवांत पंख्याखाली बसली.

ती गेल्यावर प्रफुल्लने नकली झाड पुसून टाकलं. मैत्रीचं चुकलं नव्हतं. नकाशातली झाडं कोणी हाताने काढलेली नसतात. आता मशीनही अडलेलं, पौर्णिमाही तोंडावर आलेली, आणि शब्द मोडायची सोयही राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाच्या रिक्षातून गुरुजी आले. प्रफुल्लने त्यांना खरं ते सांगून टाकलं: छपाई अडलीय, कारण सापडत नाही. गुरुजींनी मान हलवली. "मला दाखव तरी," म्हणाले आणि पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले. त्यांना अख्खं चित्र दिसत नव्हतं. प्रफुल्लने एकेक पान मोठं करायचं, गुरुजींनी ते बघायचं आणि म्हणायचं, "हां, पुढे." सदाचं पान आलं तेव्हा भोकावर बोट ठेवून हसले. पूनमचं आलं तेव्हा टाके मोजल्यासारखं केलं.

"दमाल, गुरुजी."

"नाही रे. सवय झाली. माझ्या डोळ्यांत एका वेळी एकच पान मावतं. ते बघायचं, सोडून द्यायचं, पुढचं घ्यायचं. सगळं एकदम धरायला गेलो की काहीच दिसत नाही."

प्रफुल्लचा माउसवरचा हात थांबला. मशीनला तो अख्खा पिंपळ एकदम धरायला लावत होता. फ्लेक्स तर तसाही पट्ट्यांमध्येच छापावा लागणार होता. भिंतीएवढा रोल कुठे मिळतो? मग चित्रही पट्टीपट्टीनेच द्यावं. एवढंच बघ, छाप, विसर, पुढचं घे.

त्याने चित्राच्या आडव्या पट्ट्या पाडल्या. सगळ्यात खालची, नुसत्या खोडाची पट्टी छपाईला सोडली, आणि मशीन सुरू झालं. गुरुजींच्या खोडाच्या सुरकुत्या सरसर बाहेर येऊ लागल्या. प्रफुल्लला आनंदाने उडी मारावीशी वाटली. मग त्याने वरची, पानांची पट्टी सोडली. पंखा घरघरला, पडदा पांढरा पडला, चौकोन आला.

म्हणजे दुखणं खोडात नव्हतं, पानांत होतं. पण पानात असं असतं काय? चार वळणं आणि एक हिरवा रंग. प्रफुल्लने एका कोऱ्या फाइलमध्ये एकच पान घेतलं, सखूआजीचं, आणि ते भिंतीच्या मापाचं केलं. कोपऱ्यात मेमरीचा आकडा दिसत होता. तो टुणकन वर गेला. एका पानाला एवढं? त्याने पानाची शीर पुसून बघितली. आकडा तिथेच. रंग काढला. तिथेच. मग पानाखालची सावली काढून टाकली.

आकडा खाली आला आणि जवळजवळ दिसेनासाच झाला.

प्रफुल्ल डोक्याला हात लावून बसला. सावल्या त्याने स्वतः घातल्या होत्या. पानं गोळा झाल्यावर एका दुपारी त्याला वाटलं, झाड जरा सपाट दिसतंय. मग प्रत्येक पानाखाली त्याने एक मऊ, धूसर सावली टाकली होती आणि स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला होता. पानाच्या रेषा म्हणजे चार सूचना, पण धूसर सावली रेषांनी होत नाही. तिच्यासाठी कंप्युटर गुपचूप फोटो तयार करतो, ठिपक्यांचा, भिंतीच्या मापाचा. एकेका पानाखाली एकेक. वाडीतल्या माणसांनी बिचारी हलकी पानं दिली होती. ओझं प्रफुल्लच्या हौसेचं होतं, आणि त्यापायी तो त्यांचीच पानं उडवायला निघाला होता.

हे त्याने गुरुजींना सांगितलं. सांगताना त्याचे कान गरम झाले होते. गुरुजी ऐकून हसले.

"काढून टाकतो सगळ्या," प्रफुल्ल म्हणाला.

"सगळ्या कशाला काढतोस? मला आवडली होती ती सावली. मी मघाशीच बोलणार होतो. पानं जरा वाऱ्यावर उचलल्यासारखी दिसतात. तेवढं रेषांनी मला जमलं नसतं."

एवढी ओझ्याची चूक, आणि गुरुजींना तिच्यात चित्र दिसलं होतं. पाचवीतला बैलही त्यांनी असाच बघितला असेल.

मग तो नेटाने कामाला लागला. पानागणिकची सावली काढून टाकली. सगळ्या पानांचा मिळून एकच आकार केला आणि त्या आकाराची एकच सावली फांद्यांवर टाकली. तीही कमी ठिपक्यांची, कारण धूसर गोष्टीला बारकावा लागतोच कुठे? मग पुन्हा पट्ट्या पाडल्या आणि पानांची पट्टी सोडली. पंखा जरासा घरघरला आणि गप्प झाला. मशीनचं डोकं इकडून तिकडे फिरू लागलं आणि खाली हिरवा रंग उमटू लागला. सदाचं भोक आलं. पूनमचे टाके आले. उजवीकडे एक टोक वर बघत बाहेर आलं तेव्हा प्रफुल्ल उगाचच म्हणाला, "या आजी." गुरुजी ओल्या रंगाच्या वासात डोळे मिटून बसले होते आणि मशीनचा आवाज ऐकत होते.

बुद्धपौर्णिमेला सगळी वाडी पांढऱ्या कपड्यांत मैदानात जमली. वंदना झाली, पंचशील झालं, खिरीची पातेली बाहेर आली आणि भिंतीवरचा पडदा काढला. पुढचा काही वेळ कोणीही खिरीकडे बघितलं नाही. जो तो भिंतीशी जाऊन आपलं पान शोधत होता. सदा सगळ्यांना भोक दाखवत होता. सखूआजीला शोधावं लागलं नाही. ती सुनेचा हात धरून सरळ तिथेच गेली. "त्ये बग," म्हणाली, "वर बगतंय त्ये."

गुरुजींना प्रफुल्लने हाताला धरून भिंतीशी नेलं. ते एकेका पानापाशी थांबत गेले, नाक लावून, आणि पानागणिक माणसाचं नाव घेत गेले. ज्याचं नाव घेतलं तो मागून "जय भीम, गुरुजी" म्हणायचा. हात पोचेल तिथवरची बघून झाली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करूनच उभे राहिले.

"आता मला मागे ने," म्हणाले.

"बसायचंय का?"

"नाही. जवळून एकच पान मावतं. लांबून जास्त मावेल. नळीतून बघतोय ना मी."

प्रफुल्लने त्यांचा हात घट्ट धरला आणि दोघं उलट्या पावलांनी मागे निघाले. गुरुजींची नजर झाडावर, प्रफुल्लची मागच्या वाटेवर. कोणीतरी खुर्च्या सरकवल्या. कोणीतरी खिरीचं पातेलं उचललं. "अजून," गुरुजी म्हणत होते, "अजून थोडं." मैदान संपलं. फाटक आलं, उंबरा सांभाळून ओलांडला. रस्त्यावर एक टेम्पो येत होता; सदा धावत जाऊन त्याच्यापुढे हात आडवा करून उभा राहिला. रस्त्याच्या पलीकडे आंब्याच्या बुंध्याला प्रफुल्लची पाठ टेकली तेव्हा मागे जायला जागा उरली नव्हती. पलीकडच्या मैदानातले सगळे आता त्यांच्याकडे बघत होते आणि नकळत भिंतीसमोरून बाजूला होत होते.

"थांब," गुरुजी म्हणाले.

त्यांनी डोळे बारीक केले, मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे केली.

"मावलं," ते म्हणाले. "खालपासून शेंड्यापर्यंत. सगळी दिसताहेत, प्रफुल्ल. वर बघणारं ते सखूचं ना?"

"हो, गुरुजी."

"आणि सावलीही आहे." त्यांचा आवाज ओला झाला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "तुझे फार उपकार झाले रे."

रंगपेटीची गोष्ट प्रफुल्ल येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगतो. ती ज्यांची होती त्यांना सांगायची आज पहिल्यांदाच वेळ आली होती. "पेटी तुमची होती, गुरुजी," एवढंच तो म्हणाला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. टेम्पोवाल्यानेही इंजिन बंद केलं होतं. गुरुजींचं बघून होईपर्यंत कोणी रस्ता ओलांडला नाही.